निजलेला पहारेकरी

मुरुडच्या पुळणीवर भर दुपारीं अनवाणी चालणारा पाय चटका बसतांच आपोआप उचलला जातो. वेदना ही शरीराची पहारेकरीण होय. दीर्घकालीन मधुमेहांत पुष्कळांची ही पहारेकरीण हळूहळू निद्रिस्त होते. मग शिंपल्यानें तळवा चिरला तरी कळत नाहीं.

ही बधिरता आपल्या प्राचीन वैद्यांस अज्ञात नव्हती. चरकसंहितेंत प्रमेहाच्या पूर्वरूपांत हातापायांची सुप्तता व दाह हीं दोन्ही सांगितलीं आहेत. युरोपांत मज्जातंतूंचा विकार हें मधुमेहाचें कारण नसून परिणाम आहे, हें मार्शाल द काल्वी यानें १८६४ सालीं मांडलें. १९२१ सालीं टोरांटो येथें इन्शुलिनचा शोध लागला, मधुमेही दीर्घायु झाले, आणि पायांचा प्रश्न अधिकच पुढें आला.

त्याचा उलगडा मात्र वेल्लोरच्या कुष्ठरोग्यांनीं केला. १९४६ सालीं तेथें आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांस आढळलें कीं, बोटें रोगानें झडत नाहींत. न जाणवलेल्या जखमा त्यांचा घात करितात. पुढें अमेरिकेंत त्यांनीं हाच धडा मधुमेह्यांच्या पायांस लाविला.

आम्हां सुशिक्षितांच्या घरींही 'दुखत नाहीं' हा आरोग्याचा दाखला समजला जातो. मधुमेह्याच्या पायापुरता तो खोटा आहे. स्पर्श निजला तेथें डोळ्यांनीं जागावें, रोज रात्रीं तळवे पाहावे, आणि पुळणीवरही पादत्राण सोडूं नये, हेंच या इतिहासाचें सार आम्हांस वाटतें.