ढेपेचा हिशेब

परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे निघालं की वस्त्यांच्या कुंपणांत मोगली एरंड अजून दिसतो. बकरी त्याला तोंड लावत नाही, म्हणून कुंपणाला तो चांगला. 2006 च्या सुमाराला याच झाडाच्या बियांतून डिझेल निघणार, असं गावोगाव बोललं जायचं. परतवाड्याला आमची तेलघाणी होती. आजोबांनी बैलाची लाकडी घाणी चालवली, वडिलांनी एक्स्पेलर आणला, त्यांच्यामागून मी बसलो. डोंगरावरचे दोन-तीन शेतकरी बियांची पोती घेऊन माझ्याकडेच आले.

कल्पना पोकळ नव्हती. 1900 साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेलचं इंजीन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. मोगली एरंड मूळचा अमेरिकेतला. एकोणिसाव्या शतकात केप व्हर्दे बेटांवरून त्याच्या बिया लिस्बनला जात. तेल दिव्यांत जळे आणि साबणाला लागे. आपल्या योजना आयोगाच्या समितीनं 2003 साली पहिल्या टप्प्यात 4 लाख हेक्टरांवर लागवड सुचवली. ऑक्टोबर 2005 मध्ये खरेदीचं धोरण आलं आणि 1 जानेवारी 2006 पासून तेल कंपन्यांनी बायोडिझेल 25 रुपये लिटरनं घ्यायचं ठरलं.

मी बी दाबून पाहिलं. एक लिटर तेलाला साडेतीन ते चार किलो बी लागतं. बी 6 रुपये किलोनं धरलं, तर चार किलोचे 24 रुपये झाले. उरल्या एका रुपयात वीज, हमाली, तेलाचं बायोडिझेल करायला लागणारं मिथेनॉल आणि कॉस्टिक, शिवाय घाट उतरायचं भाडं बसवायचं. ते बसणार कसं?

बी आणखी स्वस्त मागावं, तर वेचणाऱ्याच्या हातांकडे पाहवत नाही. एका किलोत साधारण दीड हजार बिया भरतात आणि एका फळात दोन किंवा तीन. म्हणजे एका लिटरसाठी दोन हजारांवर फळं तोडायची आणि सोलायची. फळं एकदम पिकतही नाहीत, त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा जावं लागतं. मेळघाटातली कोरकू बाई मोहाचं बी वेचते, कारण त्याचं तेल तिच्याच चुलीवर येतं. तिच्या दिवसाची किंमत मोगली एरंडाच्या भावात कुणी धरली नव्हती.

पण आम्हा तेलवाल्यांना खरी अडचण ढेपेत दिसली. वऱ्हाडात तेलाचा धंदा ढेपेवर उभा आहे. शंभर किलो सरकीतून 12-13 किलो तेल निघतं. बाकीचा बहुतेक माल ढेप म्हणून दुभत्या जनावरांपुढे जातो. वडील सांगायचे, आधी ढेपेचं गिऱ्हाईक बघ, मग घाणी सुरू कर. मोगली एरंडाची ढेप विषारी. गाय-म्हशीला घालता येत नाही, फक्त खताला चालते. त्या पोत्यांची ढेप मी शेतात पसरून दिली. शेतकऱ्यांना बियाचे पैसे दिले, पण पुढच्या वर्षी आणू नका, हेही सांगितलं. ते सांगताना जीव जड झाला होता. त्यांनी धुऱ्यावर रोपं लावून, पाणी घालून जगवली होती.

ऑगस्ट 2019 मध्ये तळणाच्या वापरलेल्या तेलापासून केलेलं बायोडिझेल 51 रुपये लिटरनं घेण्याची योजना निघाली, तेव्हा मला वडिलांचा हिशेब पुन्हा आठवला. पावसाळ्यात चिखलदऱ्याला भजी तळतात, त्या कढईतल्या तेलाची पहिली किंमत भजी खाणाऱ्यांनी फेडलेली असते. सरकीच्या तेलाचा भार गाय उचलते. मोगली एरंडाच्या पाठीशी असं दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. झाडाचा सगळा खर्च एकट्या डिझेलवर पडला.

बकरी खात नाही म्हणून तो कुंपणाला टिकला. गाय खात नाही म्हणून घाणीवर टिकला नाही.