पायांचा रोहिणीविकार आणि चालणे

पायांच्या रोहिण्या मेद साचून अरुंद झाल्या, की बसल्याजागी पुरणारा रक्तपुरवठा चालताना अपुरा पडतो. ठरावीक अंतरानंतर पोटरीत, क्वचित मांडीत वा नितंबात कळ येते आणि थांबल्यावर काही मिनिटांत ओसरते. घोड्यांतील असे लंगडणे बूले या फ्रेंच पशुवैद्यांनी १८३१ मध्ये नोंदवले. माणसांतील विकाराचे वर्णन शार्को यांनी १८५८ मध्ये केले. तंबाखू आणि मधुमेह ही प्रमुख कारणे.

घोट्याच्या व दंडाच्या रक्तदाबाचे गुणोत्तर ०.९० किंवा त्याहून कमी असल्यास निदान पक्के मानतात. मात्र रुग्णाचे रोजचे जगणे किती आक्रसले, हे त्या आकड्यावरून कळत नाही. गुणोत्तर सारखे असलेल्या दोघांपैकी एक बाजारहाट करतो, दुसऱ्याला कोपऱ्यावरचे दुकानही लांब पडते. कित्येक जण जिना टाळतात, फिरणे सोडतात आणि ‘दुखत नाही’ असे सांगतात. त्यांना लक्षणविरहित ठरवणे चूक आहे. दुखते का, याआधी काय करणे सोडले, हे विचारायला हवे.

कळ बऱ्यापैकी वाढेपर्यंत चालणे, थांबणे, पुन्हा चालणे हा यावरचा मुख्य व्यायाम. जर्मन चेताविकारतज्ज्ञ एर्ब यांनी १८९८ मध्येच चालण्याची शिफारस केली होती; लार्सन व लासेन यांच्या १९६६ च्या छोट्या तुलनात्मक चाचणीने तिला आधार दिला. नियमित व्यायामाने चालण्याचे अंतर वाढते, घोट्याचा रक्तदाब मात्र फारसा बदलत नाही. म्हणजे अडचण केवळ रोहिणीत नसते. स्नायूंची प्राणवायू वापरण्याची क्षमताही सुधारावी लागते. दुखत असताना चालल्याने अपाय होईल, ही शंका स्वाभाविक आहे. पण थांबताच ओसरणाऱ्या कळेपर्यंत चालणे सुरक्षित आढळले आहे. विश्रांतीतही दुखणे, न भरणारी जखम किंवा पाय काळा पडणे ही वेगळी अवस्था; तिथे व्यायामात वेळ दवडू नये. मधुमेहींनी पावले रोज तपासावीत. अनेकांच्या हृदयाच्या रोहिण्याही अरुंद असतात, म्हणून सुरुवातीला हृदयतपासणी हवी.

स्टेंटने रोहिणी थेट उघडत असताना चालायचे कशाला, हा आक्षेप वजनदार आहे. अमेरिकेतील क्लेव्हर चाचणीत (२०१२) सहा महिन्यांनी ट्रेडमिलवरील वेळ स्टेंटपेक्षा देखरेखीखालील व्यायामाने अधिक वाढला. जीवनमानाविषयीची रुग्णांची स्वतःची उत्तरे मात्र स्टेंट गटात सरस होती. ही चाचणी ओटीपोटातील रोहिण्यांपुरती होती.

विश्रांतीतही दुखणे किंवा न भरणारी जखम अशा गंभीर रक्ततुटवड्यात मात्र शस्त्रक्रिया आवश्यक ठरू शकते.

‘चालत जा’ एवढ्या तोंडी सल्ल्यापेक्षा देखरेखीखालील व्यायाम अधिक गुणकारी ठरतो. अमेरिकेची मेडिकेअर योजना २०१७ पासून १२ आठवड्यांत ३६ सत्रांचा खर्च देते; भारतातील आरोग्यविम्यानेही ही सत्रे सामावून घ्यावीत.