हुजूर पक्षातला पारशी

१८९७ च्या डिसेंबरात अमरावतीला काँग्रेसचे तेरावे अधिवेशन भरले. शंकरन नायर अध्यक्ष होते, आपले दादासाहेब खापर्डे स्वागताध्यक्ष. टिळक राजद्रोहाच्या शिक्षेत तुरुंगात होते. वऱ्हाड कागदावर निजामाचे, कारभार मात्र इंग्रजांचा. आदल्याच वर्षी कलकत्त्याच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद रहिमतुल्ला सयानी यांनी भूषवले होते आणि दहा वर्षांपूर्वी मद्रासला बदरुद्दीन तय्यबजी यांनी. हिंदुस्थानच्या वतीने कोण बोलणार, हा प्रश्न या मंडपात होता.

पण ज्या ब्रिटिश संसदेत हिंदुस्थानचे निर्णय व्हायचे, तिथे त्या दिवशी हिंदी खासदार एकच होता, आणि तो काँग्रेसचा विरोधक होता. त्याचे नाव सर मंचेरजी मेरवानजी भावनगरी. दादाभाई नौरोजी आपल्या शाळेच्या पुस्तकात आहेत, भावनगरी नाहीत. ते का नाहीत, हे समजून घेणे आज आपल्याला, म्हणजे मराठी मुसलमानांना, उपयोगाचे आहे.

भावनगरींचा जन्म १८५१ चा, मुंबईतल्या पारशी व्यापारी घराण्यातला. एल्फिन्स्टन कॉलेजात शिक्षण, मग वर्तमानपत्रात काम. वडील भावनगर संस्थानचे मुंबईतले एजंट होते. १८७३ मध्ये ते काम मुलाकडे आले. व्हिक्टोरिया राणीच्या रोजनिशीवरच्या पुस्तकाचा त्यांनी गुजरातीत अनुवाद केला. १८८२ मध्ये ते लंडनला गेले आणि १८८५ मध्ये बॅरिस्टर झाले. मध्ये काही काळ भावनगरच्या न्यायखात्यात काम करून १८९१ मध्ये पुन्हा लंडनला परतले, ते कायमचेच.

पुढच्याच वर्षी दादाभाई उदारमतवादी पक्षाकडून संसदेत निवडून आले, अवघ्या पाच मतांनी. भावनगरींनी दुसरी वाट धरली. त्यांनी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष निवडला, ज्याला आपली जुनी मराठी वर्तमानपत्रे ‘हुजूर पक्ष’ म्हणत. जमीनदार, चर्च, राजघराणे आणि साम्राज्य यांचा हा पक्ष. १८९५ च्या निवडणुकीत त्यांना पूर्व लंडनमधला बेथनल ग्रीन ईशान्य हा मतदारसंघ मिळाला. वस्ती कामगारांची, आणि समोर जॉर्ज हॉवेल, विटा रचण्याच्या कामातून वर आलेले कामगार चळवळीतले जुने पुढारी. तिथे भावनगरी १६० मतांनी निवडून आले. त्याच निवडणुकीत दादाभाई पडले. १८९७ मध्ये भावनगरींना ‘सर’ किताब मिळाला आणि १९०० मध्ये ते ३७९ मतांनी पुन्हा निवडून आले.

काँग्रेसवाल्यांना हा माणूस म्हणजे इंग्रजांनी दादाभाईंच्या विरोधात उभा केलेला मोहरा वाटला. त्यांच्या आडनावाची इंग्रजीत मोडतोड करून ‘वाकतो आणि होय म्हणतो’ अशा अर्थाचे टोपणनाव पाडले गेले. संशयाला कारणही होते. स्वराज्याच्या मागणीला त्यांचा पाठिंबा नव्हता. इंग्रजी राज्य हिंदुस्थानच्या भल्याचे आहे, असे ते मनापासून मानत. पहिल्या महायुद्धातही त्यांनी इंग्रजांच्या बाजूने पुस्तिका लिहिली.

गोष्ट इथेच संपली असती, तर त्यांना विसरलो हे ठीकच झाले असते. पण त्यांच्या कामाचा दुसरा भाग दक्षिण आफ्रिकेतला आहे.

गांधीजी १८९३ मध्ये तिकडे गेले ते दादा अब्दुल्ला या पोरबंदरच्या मुसलमान व्यापाऱ्याच्या कामासाठी. नाताळ आणि ट्रान्सवालमधले हिंदी व्यापारी मोठ्या संख्येने गुजराती मुसलमान होते. त्यांचा मताधिकार, दुकानाचे परवाने, कुठे राहायचे आणि कोणत्या रस्त्याने चालायचे, सगळ्यावर गोऱ्यांचे कायदे येत होते. या लोकांसाठी लंडनच्या संसदेत पुन्हा पुन्हा प्रश्न विचारणारा खासदार भावनगरी होता. त्यांनी वसाहतमंत्र्यांना सविस्तर निवेदन दिले, आणि हे मंत्री त्यांच्याच पक्षाच्या सरकारातले होते. त्यांचा युक्तिवाद साम्राज्याविरुद्ध नव्हता, साम्राज्याच्याच शब्दाला धरून होता: राणीची सगळी प्रजा समान असेल, तर हिंदी प्रजेला ही वागणूक का? हिंदुस्थानातले जुने उद्योग मोडले, त्यांच्या जागी तांत्रिक शिक्षण नाही, हा विषयही ते संसदेत लावून धरत.

१९०६ च्या निवडणुकीत ते पडले. त्याच वर्षी ११ सप्टेंबरला जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात अब्दुल गनी यांच्या अध्यक्षतेखाली सभा झाली आणि हाजी हबीब यांनी खुदाला साक्षी ठेवून काळा कायदा न मानण्याची शपथ घ्यायला लावली. ऑक्टोबरात गांधीजी आणि हाजी ओजेर अली लंडनला आले. वसाहतमंत्री लॉर्ड एल्गिन यांना भेटायला जे शिष्टमंडळ गेले, त्यात दादाभाई होते, सय्यद अमीर अली होते आणि भावनगरीही होते. उदारमतवादी, हुजूर पक्षाचा माजी खासदार आणि पुढे लंडनच्या मुस्लिम लीगचा पुढारी झालेला न्यायाधीश एकाच दालनात, एकाच मागणीसाठी. कायदा तेवढ्यापुरता थांबला. १९०७ मध्ये ट्रान्सवालला स्वतःचे सरकार मिळाले आणि त्याने तोच कायदा पुन्हा केला. त्यातून सत्याग्रह उभा राहिला. पण ते शिष्टमंडळ वाया गेले असे कोण म्हणेल?

वहीच्या दुसऱ्या बाजूलाही लिहिले पाहिजे. पूर्व लंडनमध्ये तेव्हा रशियातल्या छळातून पळून आलेले गरीब ज्यू राहत होते आणि त्यांच्याविरुद्ध वातावरण तापवले जात होते. १९०५ मध्ये हुजूर पक्षाच्या सरकारने परक्यांना रोखणारा कायदा केला. कायद्याच्या भाषेत भावनगरी ‘परके’ नव्हते, ते ब्रिटिश प्रजाजन होते. पण त्यांना दार उघडणाऱ्या पक्षाने त्याच वस्तीत दुसऱ्यांसाठी दार लावले. परक्याला तिकीट देणारा पक्ष सगळ्या परक्यांचा मित्र असतोच असे नाही. आजही हे दिसते. त्याच पक्षात पाकिस्तानातून आलेल्या बस ड्रायव्हरचा मुलगा साजिद जावेद गृहमंत्री झाला, ऋषी सुनक पंतप्रधान झाले, आणि निर्वासितांबद्दलची त्या पक्षाची भाषा कडकच राहिली.

आता वऱ्हाडात येऊ. अकोल्याने १९६२ मध्ये महंमद मोहिबुल हक यांना आणि १९६७ व १९७१ मध्ये असगर हुसेन यांना काँग्रेसच्या तिकिटावर लोकसभेत पाठवले. मुसलमान म्हणजे काँग्रेस, हे समीकरण तिथून आपल्या अंगवळणी पडले. मग शिवसेनेचे साबीर शेख १९९५ च्या युती सरकारात मंत्री झाले, तेव्हा काहींना तो चमत्कार वाटला, काहींना गद्दारी. आजही कोणी मुसलमान भाजपचा गमछा घालून दिसला की अर्धी वस्ती त्याला विकला गेलेला म्हणते, आणि टीव्हीवर त्याला ‘खरा राष्ट्रवादी’ म्हणून मिरवले जाते. दोन्हीकडे त्याचे काम कोणी बघत नाही.

पारशी समाज लहान, तरी ब्रिटिश संसदेत निवडून गेलेले पहिले तीन हिंदी त्याच समाजाचे, आणि तिघे तीन वाटांचे: दादाभाई उदारमतवादी, भावनगरी हुजूर पक्षाचे आणि शापुरजी सकलातवाला, १९२२ मध्ये निवडून आलेले, कम्युनिस्ट. म्हणून पारशी समाज फुटला नाही. लहान समाजाने एकाच पेटीत सगळी मते टाकलीच पाहिजेत, हा नियम कुणी केला?

म्हणून ताजनापेठेत किंवा इतवाऱ्यात पुढच्या निवडणुकीला कोणत्याही झेंड्याचा आपला माणूस मत मागायला आला, तर त्याला झेंडा विचारू नये. तुझ्याच पक्षाच्या मंत्र्याला तू कोणता प्रश्न लेखी विचारलास, हे विचारावे. त्या पक्षाने दुसऱ्या एखाद्या दुबळ्या समाजावर हात उगारला तेव्हा तू काय बोललास, हेही विचारावे. भावनगरींकडे पहिल्या प्रश्नाचे उत्तर होते, ते संसदेच्या दप्तरात आजही आहे.