राखीव निवासाविना प्रवास : विनोबांची पदयात्रा आणि आतिथ्याचा सामाजिक इतिहास (विशेष संदर्भ : वर्धा जिल्हा)

प्रस्तावना

प्रवासास निघण्यापूर्वी मुक्कामाची जागा राखून ठेवणे ही आज सर्वमान्य रीत आहे. रेल्वे, विश्रामगृहे व हॉटेले यांच्या प्रसारानंतर ती रूढ झाली. त्यापूर्वी वारकरी, फकीर, गोसावी व व्यापारी यांचा प्रवास धर्मशाळा, मठ, देऊळ, सराई किंवा एखाद्याची ओसरी यांच्या आधारे होत असे. या परंपरेचा उल्लेख बहुधा गौरवानेच केला जातो. परंतु ही ओसरी कोणासाठी मोकळी होती, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. वर्धा जिल्ह्यातून निघालेल्या विनोबा भावे यांच्या पदयात्रेच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आतिथ्य आणि जात

अनोळखी गावी निवारा मिळेल हा विश्वास सर्वांच्या वाट्याला सारखा आला नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या आत्मपर लेखनातील प्रवासाचे प्रसंग याची साक्ष देतात. १९०१ साली वडिलांना भेटण्यासाठी भावंडांसह निघालेल्या बालवयातील आंबेडकरांना मसूर स्थानकावर जात कळताच गाडीवान मिळेना, आणि वाटेत प्यायला पाणी मिळाले नाही. १९१७ साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन ते बडोद्यास नोकरीसाठी गेले. तेथील पारशी पथिकाश्रमात त्यांना ओळख लपवून राहावे लागले आणि ओळख उघड होताच ती जागा सोडावी लागली. पहिल्या प्रसंगी वय लहान होते. दुसऱ्या प्रसंगी विद्वत्ता सिद्ध झालेली होती. निवाऱ्याच्या बाबतीत यांपैकी कशाचाही उपयोग झाला नाही. यावरून पारंपरिक आतिथ्य हे यजमानाच्या इच्छेवर व पाहुण्याच्या जातीवर अवलंबून होते, असे स्पष्ट होते.

वर्ध्याची पार्श्वभूमी

विनोबा १९२१ साली वर्ध्यास आले. १९२८ मध्ये जमनालाल बजाज यांनी येथील लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुले केले. १९३२ मध्ये विनोबा नालवाडी येथे दलित वस्तीच्या सान्निध्यात राहावयास गेले, तर १९३८ पासून धाम नदीकाठचे पवनार हे त्यांचे निवासस्थान झाले. १९५० मध्ये पवनार आश्रमात त्यांनी कांचनमुक्तीचा, म्हणजे पैशावाचून जीवन चालविण्याचा प्रयोग आरंभिला. त्यांची पदयात्रा या प्रयोगाचाच पुढील टप्पा मानता येईल. ज्याने घरी पैशाचा आधार सोडला, त्याने वाटेवरही तो सोडावा हे सुसंगतच होते.

पवनार ते पोचमपल्ली

हैदराबादनजीक शिवरामपल्ली येथे एप्रिल १९५१ मध्ये सर्वोदय संमेलन भरावयाचे होते. रेल्वेची सोय असूनही विनोबा मार्चमध्ये वर्ध्याहून पायी निघाले. अंतर सुमारे ३०० मैल होते. पहाटे चालणे, गावात थांबणे, सायंकाळी प्रार्थना व संवाद असा त्यांचा क्रम असे. येथे एक भेद लक्षात घेणे अगत्याचे आहे. वाट ठरविणे हे नियोजन होय. निवासाची जागा राखून ठेवणे हा हक्क होय. पदयात्रेत पहिले असू शकते. दुसरे मात्र नसते; रात्रीचे छप्पर गावाच्या इच्छेवरच अवलंबून राहते.

संमेलनानंतर ते सशस्त्र शेतकरी लढ्याने होरपळलेल्या तेलंगणात शिरले. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली येथील मुक्कामात त्यांनी दलित वस्तीला भेट दिली. तेथील भूमिहीनांनी ८० एकर जमिनीची मागणी केली आणि रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. भूदानाचा प्रारंभ हा असा मुक्कामातून झाला. संमेलनाच्या गावी थेट उतरून परतणाऱ्या प्रवाशास हा संवाद लाभला नसता. तेलंगणातील ५१ दिवसांत सुमारे १२ हजार एकर जमीन मिळाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते पवनारहून दिल्लीकडे पायीच निघाले आणि यात्रा पुढे १९६४ पर्यंत चालली. यात्रेचा व्याप वाढला तसे कार्यकर्ते पुढे जाऊन व्यवस्था पाहू लागले, हेही नमूद केले पाहिजे.

कसोटी व विस्तार

हे स्वागत सर्वत्र एकसारखे नव्हते. सप्टेंबर १९५३ मध्ये बिहारमधील देवघर येथे दलितांसह वैद्यनाथ मंदिरात जाऊ पाहणाऱ्या विनोबांवर व त्यांच्या सहकाऱ्यांवर हल्ला झाला. याचा अर्थ असा की, पाहुणा एकटा असता तर दार उघडले असते. त्याच्यासोबतचे लोक यजमानास नको होते. याउलट सप्टेंबर १९६२ मध्ये पूर्व पाकिस्तानातून जाताना परक्या राष्ट्रातील गावांनी त्यांना ठाव दिला.

विनोबांच्याच सल्ल्यावरून सतीश कुमार व ई. पी. मेनन हे दोन तरुण १९६२ मध्ये दिल्लीहून अण्वस्त्रविरोधी शांतियात्रेस खिशात पैसे न घेता निघाले आणि मॉस्को, पॅरिस, लंडनमार्गे वॉशिंग्टनला पोहोचले. पैसा नसल्यामुळे रोज कोणाचे तरी दार ठोठावणे भाग पडे, आणि दार उघडले की आपला विषय मांडण्याची संधी मिळे. निवाऱ्याचा अभाव हेच येथे प्रचाराचे साधन ठरले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, राखीव निवासाविना प्रवास प्रवाशाला समाजाच्या थेट संपर्कात आणतो. भूदानाचा उगम हे त्याचे ठळक उदाहरण होय. दोन, हा प्रवास विनोबांसाठी स्वेच्छेने स्वीकारलेले व्रत होते, कारण त्यांना दार उघडले जाण्याची शक्यता अधिक होती. आंबेडकरांसाठी तीच अनिश्चितता अपमान व संकट होती. म्हणूनच संविधानाच्या अनुच्छेद १५ ने हॉटेलादी सार्वजनिक स्थळांवरील प्रवेशबंदी नाकारली आणि १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने धर्मशाळा व सराई यांचाही समावेश केला. आतिथ्य हा सद्गुण आहे. परंतु ज्यांना तो नाकारला गेला त्यांच्या दृष्टीने निवारा हा प्रथम हक्क असावा लागतो. ओसरीचा इतिहास लिहिताना ओसरीबाहेर रात्र काढलेल्यांची नोंद घेतल्याशिवाय तो पूर्ण होणार नाही.