शॉट्सचा पाईप बँड: वाजवणाऱ्यांचा इतिहास

बॅगपाईप म्हटले की स्कॉटलंडचे सरदार आणि ब्रिटिश पलटणी यांचेच गोडवे गायले जातात. पण ही कला घडवली कोणी? लॅनार्कशायरमधील शॉट्स हे कोळसा खाणी आणि लोखंडाच्या भट्ट्यांचे गाव. 'शॉट्स अँड डाईकहेड कॅलेडोनिया' बँड १९१० साली उभा राहिला तो याच श्रमिक वस्तीत. १९५७ ते १९६० सलग चार वर्षे तो जगज्जेता ठरला. केवळ साथीचा मानलेला ड्रम याच बँडच्या ॲलेक्स डुथार्ट यांनी मानाच्या जागी नेला. पुढे खाणी बंद पडल्या, पण २०१५ मध्ये बँडने पुन्हा जागतिक विजेतेपद मिळवले. मालक गेले, वाजवणारे टिकले. मग इतिहासात आधी नाव कोणाचे हवे?