तेल, प्रार्थना आणि श्रद्धा

आजाऱ्याच्या उशाशीं धर्मगुरु तेलाची कुपी घेऊन आला, कीं आतां आशा संपली, असेंच घरचीं माणसें समजत. युरोपांतील रोमन कॅथॉलिक कुटुंबांत कित्येक शतकें ही समजूत होती. रोग्यानें बरें व्हावें म्हणून निघालेला विधि मृत्यूची वर्दी देणारा कसा झाला, याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

मूळ आज्ञा अगदीं साधी आहे. नव्या करारांतील याकोबाचें पत्र सांगतें, कीं आजाऱ्यानें मंडळीच्या वडिलांना बोलवावें आणि त्यांनीं प्रभूच्या नांवानें तेल लावून प्रार्थना करावी. त्या काळीं तेल हें औषधहि होतें. उपचार आणि उपासना यांत वैर नव्हतें. इ. स. ४१६ मध्यें पोप पहिला इनोसंट यानें गुब्बिओच्या बिशपाला लिहिलें, कीं बिशपानें पवित्र केलेलें तेल सामान्य ख्रिस्ती जनांनींहि स्वतःसाठीं व घरच्यांसाठीं वापरण्यास हरकत नाहीं.

नवव्या शतकाच्या सुमारास मात्र हा अधिकार धर्मगुरूंपुरता उरला. अभ्यंगाची सांगड पापक्षालनाशीं पडली. प्रायश्चित्तें कडक, म्हणून लोक दोन्ही गोष्टी अखेरच्या घटकेवर ढकलूं लागले. बाराव्या शतकांत ‘अंतिम अभ्यंग’ हें नांवच रूढ झालें. १५५१ मध्यें ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें हा विधि विशेषतः मरणोन्मुखांसाठीं असल्याचें सांगितलें. शरीरस्वास्थ्याची आशा तिनें सोडली नाहीं, पण ती मागें पडली.

हें वळण सरळ होण्यास चार शतकें लागलीं. १९६३ मध्यें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ‘आजाऱ्यांचा अभ्यंग’ हें नांव अधिक योग्य ठरविलें. १९७२ मध्यें पोप सहावा पॉल यानें नवा विधि लावून दिला, आणि ऑलिव्हचें तेल दुर्मिळ असेल तेथें दुसरें वनस्पतिजन्य तेलहि चालेल, अशी मोकळीक दिली.

आतां श्रद्धेविषयीं. ‘प्रार्थना करूनहि रोग हटला नाहीं, म्हणजे तुझीच श्रद्धा उणी,’ असें रोग्याला ऐकविणारे सर्व काळीं आढळतात. परंतु करिंथकरांस लिहितांना पौलानें श्रद्धा आणि रोग बरे करण्याची शक्ति हीं दोन्ही निरनिराळीं दानें म्हणून सांगितलीं आहेत, आणि तीं निरनिराळ्या माणसांना मिळतात. खुद्द पौलानें आपल्या शरीरांतील ‘कांटा’ निघावा म्हणून तीनदां विनवणी केली. तो निघाला नाहीं. त्याच्या श्रद्धेविषयीं कोण शंका घेईल? दानाला मोल ठरविणें म्हणजे आजाऱ्याच्या दुःखावर अपराधाचें ओझें लादणें होय. याकोबानें वडिलांना बोलाविलें, तें रोग्याला सोबत मिळावी म्हणून; त्याच्या श्रद्धेची झडती घेण्यासाठीं नव्हे.