वऱ्हाडची घड्याळे आणि क्षम्य चूक

अकोला आणि अमरावती यांच्या रेखांशांत जेमतेम पाऊण अंशाचे अंतर आहे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने अमरावतीचा माध्यान्ह अकोल्याच्या सुमारे तीन मिनिटे आधी होतो. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग अकोला-बडनेऱ्यावरून १८६७ मध्ये नागपूरला पोचला. पुढे रेल्वेने मद्रासची वेळ प्रमाण मानली. ती अकोल्याच्या सूर्याहून सुमारे तेरा मिनिटे पुढे होती, अमरावतीच्या सूर्याहून दहा. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली.

परंतु वेळ एक ठरली म्हणून घड्याळे एक होत नाहीत. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात धातूचा लंबक किंचित लांबतो आणि घड्याळ दिवसाला काही सेकंद मागे पडते. यावर रेल्वेचा उपाय साधा होता : रोज दुपारी ४ वाजता तारेने वेळेची खूण यावयाची व स्थानकांनी आपली घड्याळे जुळवावयाची. त्याने चूक नाहीशी होत नसे. ती एका दिवसाच्या कुंपणात राही.

विसाव्या शतकाच्या आरंभी टेलिप्रिंटरने हेच तत्त्व एका अक्षरावर आणले. दोन टोकांची यंत्रे आपापल्या गतीने चालतात, पण प्रत्येक अक्षराआधी एक आरंभखूण येते आणि घेणारे यंत्र तेथून नव्याने मोजू लागते. संगणकाच्या क्रमिक संदेशवहनातही आरंभखूण, आठ अंश व अंत्यखूण अशी दहा घरे असतात. प्रत्येक घर मध्यावर वाचायचे असल्याने साडेनऊ घरांच्या प्रवासात अर्ध्या घराइतकी चूक खपते, म्हणजे सुमारे पाच टक्के. तारेवरील विकृती जमेस धरून अभियंते प्रत्यक्षात दोन-तीन टक्क्यांतच राहतात. मर्यादा ओलांडली की अक्षर निराळेच वाचले जाते.

आम्हांला येथे तालाची सम आठवते. आवर्तनात गायक मात्रेच्या किंचित मागेपुढे रेंगाळतो. त्याला मोकळीक आहे, कारण समेवर त्याला यायचेच असते. येथेही सूट आणि शिस्त परस्परविरोधी नाहीत. ठरलेल्या जागी भेटण्याचा करार पक्का असतो, म्हणूनच मधली सूट परवडते.

जुलै २०१३ मध्ये भारतातील तारसेवा बंद झाली. तारेचा हा नियम मात्र टिकून आहे. उपग्रहांकडून अचूक वेळ घेणारे यंत्रही ती शेजारच्या यंत्राला बहुधा अशाच तारेने कळविते, जिच्यात थोडी चूक आधीच गृहीत धरलेली असते.